राजाने दिलेला हुंकार

एका गावात गोष्टी सांगणारी एक बाई राहत होती. तिचं नाव भिवरा. गावातली लहानथोर सगळी तिला भिवराकाकू म्हणत. सकाळी ती चुलीपुढे भाकऱ्या थापायची आणि गावची मुलं भोवती बसून गोष्ट सांगायला शिकायची. ऐकायला नव्हे, सांगायला. ऐकणारी मुलं काय, कुठल्याही गावात मिळतात.

भिवराची शिकवायची रीत सोपी होती. ती परातीतलं पीठ दाखवायची. "हा तुझ्या गोष्टीतला माणूस. कधी ज्वारीचा, कधी बाजरीचा, कधी नाचणीचा. आधी त्याचं धान्य ओळख." मग ती पाणी ओतायची. "ही त्याची इच्छा. काहीतरी हवं असल्याशिवाय माणसाचा गोळा होत नाही." तवा म्हणजे गोष्टीचं ठिकाण. भाकरी उलटायची ती कलाटणी. टम्म फुगायची तो शेवट. आणि तव्याखाली धगधगत असायचा तो जाळ म्हणजे अडचण.

"जाळ नसला तर?" असं ती प्रत्येक नव्या मुलाला विचारायची.

"पीठच राहील, काकू."

"मग पीठ खा."

एकदा आवडी नावाच्या मुलीने खरंच मूठभर कोरडं पीठ तोंडात टाकलं. तिला असा ठसका लागला की पाठीत चार धपाटे घालून, वर तांब्याभर पाणी पाजावं लागलं. तो धडा पुन्हा कुणाला द्यावा लागला नाही.

या गावाची आणखी एक रीत होती. कार्तिकात बाजरीची मळणी आटोपली की खळ्यावर भरदुपारी सगळं गाव जमायचं आणि भिवरा गोष्ट सांगायची. खळ्याच्या कडेला एक बसका दगड होता. हुंकार देणारा त्याच्यावर बसायचा. भिवराने एक वाक्य सांगायचं, दगडावरच्याने 'हं' किंवा 'मग?' म्हणायचं, मगच पुढचं वाक्य. हुंकार आला नाही तर गोष्ट तिथेच थांबायची. आणि ज्याच्या तोंडून एकदा हुंकार गेला, मग तो दगडावर बसलेला असो की रस्त्याने चाललेला, त्याने गोष्ट शेवटपर्यंत ऐकलीच पाहिजे. अर्धी सोडलेली गोष्ट माणसाच्या घरात शिरते आणि त्याला सुखाने घास गिळू देत नाही, असं गाव मानायचं. त्या दगडावर पंचवीस वर्षं म्हादबा बसत आला होता.

मात्र गेल्या वर्षीपासून दगड रिकामा होता. त्याचं कारण होतं बंधारा.

त्या मुलखाचा राजा कीर्तिसेन. चार वर्षांपूर्वी त्याने गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर बंधारा बांधायला काढला. कल्पना चांगलीच होती. पण काम सुरू व्हायच्या आधीच ते कधी संपवायचं याचा मुहूर्त ठरला होता, कारण त्या दिवशी राजाचा वाढदिवस होता. पायाचं काम सटवाजी पाथरवट पाहत होता. मुहूर्ताला तीनच महिने उरले असताना तो पायाच्या खड्ड्यातून वर आला, चिखलाच्या हातांनी मुजरा केला आणि म्हणाला, "महाराज, पाया अजून..."

राजाने हात वर केला. "अजून, अजून! या माणसाला दुसरा शब्द येत नाही का? हाकला याला."

सटवाजीला वाक्य पुरं करू न देता शिवेबाहेर काढलं. जाताना तो भिवराच्या चुलीशी भाकरीपुरता टेकला आणि उरलेलं वाक्य तिला सांगून गेला. "पाया खडकाला टेकलाच न्हाई, बाय. नुसत्या काळ्या मातीवर हाय. अजून दोन पुरुष, म्हंजी दोन माणसांच्या उंचीएवढं, खाली खणलं तर खडक लागंल. न्हाई खणलं तर ह्यो बंधारा एखाद-दुसरा पावसाळा काढंल, मग खालची आळी घेऊन जाईल."

भिवराने ऐकलं आणि मूग गिळून बसली. राजा बोले, दळ हाले, आपण कोण, असं तिने स्वतःला सांगितलं. बंधाऱ्याने दोन पावसाळे काढलेही. तिसऱ्या श्रावणात तो फुटला आणि खालची आळी घेऊन गेला. दावणीची गुरं गेली. घरं गेली. म्हादबाची सून गोजरा वासराचं दावं सोडायला गोठ्यात गेली होती, ती परत आलीच नाही.

त्या कार्तिकात राजाने भिवराला हिरवं लुगडं पाठवलं आणि निरोप पाठवला, की बंधाऱ्याची गोष्ट सांगाल तेव्हा देवाची करणी म्हणून सांगा. भिवराने तशीच सांगितली. पाऊस फार झाला, ओढ्याला पूर आला, दैवापुढे कुणाचं चालतं, असं ती म्हणाली. दगडावर बसलेल्या म्हादबाने पहिल्या वाक्याला हुंकार दिला नाही. भिवरा रीत मोडून पुढे गेली, तरी त्याने दिला नाही. मग तो उठला, काठी घेतली आणि घरी निघून गेला. त्या दिवसापासून खळ्यावर गोष्ट झाली नाही. लुगडं भिवराच्या पेटीत घडीसुद्धा न मोडता पडून राहिलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिला लाज वाटत होती. फार लाज वाटत होती.

वर्षभरात राजाने बंधारा पुन्हा उभा केला. त्याच जागी, त्याच पायावर. बंधाऱ्यातून पाणी जायच्या मोरीला फळ्या लावून ते अडवायचा मुहूर्त ठरला, अर्थात वाढदिवसाचाच. खालच्या आळीतल्या लोकांनी पुन्हा घरं बांधली होती. जाणार कुठे?

मुहूर्ताच्या चार दिवस आधी राजाचे चिटणीस नरहरपंत भिवराच्या अंगणात आले. त्यांच्या हातात एक कागद होता.

"बंधाऱ्याची गोष्ट," ते म्हणाले. "महाराजांच्या हुकमाने मी स्वतः लिहिली आहे. मुहूर्ताला बंधाऱ्यावर तुम्ही सांगायची. मग हीच प्रत्येक गावच्या मुलांना शिकवायची. यात पात्र आहे, स्थळ आहे, शेवट आहे. मधलं तेवढं काढलंय."

"मधलं म्हणजे?"

"कटकट. सटवाजी, पूर, ते सगळं. मुलांच्या मनावर वाईट परिणाम नको."

"आणि नाही सांगितली तर?"

"तर हे अंगण बंद. त्याच संध्याकाळी गाव सोडायचं." नरहरपंतांनी चुलीकडे पाहिलं. "हुंकाराचा दगडही बंधाऱ्यावर न्यायचा आहे. सगळं रीतीप्रमाणे व्हायला हवं, अशी महाराजांची इच्छा आहे."

भिवराने कागद घेतला. नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही, हे सांगायला हवं. तिचं वय पन्नाशीच्या पुढे गेलं होतं. या अंगणाखेरीज तिला जगात दुसरी जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना तिने कागदावरची गोष्ट मुलांना म्हणून दाखवली. "एक राजा होता. तो फार थोर होता. त्याने बंधारा बांधला. बंधारा उत्तम झाला. सगळे आनंदी झाले."

आवडीने तोंडावर हात धरला आणि खोटाच ठसका दिला. बाकीची मुलं हसू दाबायला लागली. भिवरा रागावली नाही. तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि जाळाकडे पाहिलं. आपण या पोरांना चार वर्षं जे शिकवलं, ते आपण स्वतःच गिळून टाकलं, हे तिला त्या क्षणी लखलखीत कळलं.

दुपारी ती म्हादबाकडे गेली. म्हादबा दारात दोर वळत बसला होता. तिला पाहूनही त्याने दोर वळणं थांबवलं नाही.

"म्हादबादाजी, मुहूर्ताला दगडावर बसा," ती म्हणाली.

"कशाला? परत दैव ऐकायला?"

"मी काय सांगणार आहे ते..."

"आत्ता नको सांगूस," म्हादबा म्हणाला. "तिथं सांग. सांगायला लागलीस की मला कळंल."

मुहूर्ताचा दिवस उजाडला. दगड बैलगाडीत घालून बंधाऱ्यावर आणला होता, त्याला हारही घातला होता. राजा उंच आसनावर बसला. नरहरपंत शेजारी उभे राहिले. मोरीशी खालच्या आळीतलेच सहा गडी फळ्या घेऊन तयार होते. मुहूर्ताच्या आधी गोष्ट व्हायची होती. बंधाऱ्याच्या पोटात ओढ्याचं पाणी खळाळत मोरीतून वाहत होतं. म्हादबा काठी टेकत आला आणि दगडावर बसला. भिवरा आली तेव्हा तिच्या अंगावर रोजचं विटकं लुगडं होतं आणि काखेत एक गाठोडं होतं. लोकांना वाटलं, ही गाव सोडायच्या तयारीनेच आली.

तिने कागद उलगडला. "एक राजा होता. तो फार थोर होता."

म्हादबा गप्प.

तिने पुन्हा वाचलं. म्हादबा पुन्हा गप्प. रीतीप्रमाणे गोष्ट तिथेच थांबली. राजाने चिटणिसांकडे पाहिलं.

"म्हादबा, हुंकार दे," नरहरपंत दटावून म्हणाले.

"गोष्ट सुरू झाली की देतो की, चिटणीस," म्हादबा म्हणाला.

लोकांत खसखस पिकली. नरहरपंत लालबुंद झाले आणि मग त्यांनी स्वतःच हुंकार द्यायला सुरुवात केली. राजा थोर होता, "हं." बंधारा उत्तम झाला, "हं हं." वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्यांचा हुंकार यायचा. आपणच लिहायचं आणि आपणच मान डोलवायची, असा तो थाट होता. पहिल्या रांगेत आवडीला ठसका लागला. मग दुसऱ्या मुलाला लागला. बघता बघता भिवराच्या अंगणात शिकणारी सगळी मुलं खोकायला लागली. आयांनी पदराआड तोंडं लपवली. म्हातारी माणसं धोतर झटकून उठायला लागली.

राजा काही मूर्ख नव्हता. "काय झालंय या लोकांना?" त्याने विचारलं. "बाई, तू गोष्ट नीट का सांगत नाहीस?"

भिवराने कागदावरून मान वर केली. ती खणखणीत आवाजात म्हणाली,

"महाराज, नीटच सांगतेय. जे दिलं ते सांगतेय. हे पीठ आहे. याच्याखाली जाळ नाही. माझी पोरं पीठ खात नाहीत."

तिने कागदाची घडी करून ती नरहरपंतांच्या हातात दिली. काखेतलं गाठोडं सोडलं. त्यात हिरवं लुगडं होतं, राजाने पाठवलेलं. ते तिने राजाच्या आसनापुढे ठेवलं. मग ती मागे सरकून म्हादबाच्या दगडासमोर उभी राहिली आणि चिटणिसांना कुणाला हाक मारायची सवड मिळायच्या आत तिने सुरुवात केली.

"एका राजाला बंधारा हवा होता."

"हं," म्हादबा म्हणाला. वर्षाने तो आवाज गावाने ऐकला. उठलेली माणसं होती तिथे थांबली.

"त्याला बंधारा हवा होता, पण त्याहून जास्त मुहूर्त हवा होता."

"हं."

"नरहरपंत!" राजा ओरडला. नरहरपंतांनी शिपायांना खूण केली. दोन शिपाई पुढे निघाले. भिवरा त्यांच्याकडे न बघता बोलत राहिली.

"मुहूर्ताला तीन महिने राहिले. पाथरवट पायाच्या खड्ड्यातून वर आला. हात चिखलाने भरलेले. त्याने राजाला मुजरा केला आणि म्हणाला, महाराज, पाया अजून..."

आणि ती थांबली. कारण म्हादबाने हुंकार दिला नव्हता. त्याने काठीवर हनुवटी टेकवली होती आणि तो थेट राजाकडे बघत होता. शिपाई भिवराच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. मोरीतलं पाणी तेवढं वाजत होतं.

चार वर्षं ते अर्धं वाक्य राजाच्या घरात होतं. बंधारा फुटल्याची बातमी आली त्या दिवशी ते ताटावर येऊन बसलं होतं आणि त्यानंतर उठलंच नव्हतं. पाया अजून काय? विचारणार कुणाला? ज्याला विचारायचं त्याला त्यानेच हाकललं होतं.

"मग?" राजा म्हणाला. "काय म्हणत होता तो?"

म्हादबाने काठी जमिनीवर आपटली. "महाराजांनी हुंकार दिला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता ही गोष्ट अर्धी राहत न्हाई. शिपाईदादा, मागं सरा."

शिपायांनी राजाकडे पाहिलं. राजाने आसनाचे हात घट्ट धरले होते. तो भिवराकडेच बघत होता. शिपाई मागे सरले.

भिवराने सटवाजीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. काळी माती, दोन पुरुष खाली खडक, खालची आळी. प्रत्येक वाक्यागणिक आता म्हादबा एकटा हुंकार देत नव्हता, सगळा जमाव देत होता. मग ती म्हणाली, "हे वाक्य ऐकलेली एक बाई गावात होती. तिने ते कुणाला सांगितलं नाही. ती भ्याली. पुढे एका लुगड्यासाठी ती खोटंही बोलली. ती बाई मी." या वाक्याला कुणी हुंकार दिला नाही. भिवरा मान खाली घालून उभी राहिली. रीतीप्रमाणे तिला पुढे जाता येईना.

बऱ्याच वेळाने म्हादबा हळूच म्हणाला, "हं."

"श्रावणात बंधारा फुटला. गोजरा वासराला सोडवायला गेली."

हा हुंकार म्हादबाच्या तोंडून नीट बाहेर पडला नाही. पण त्याने तो दिला. वर्षभर गावात कुणी गोजराचं नाव मोठ्याने घेतलं नव्हतं.

"मग राजाने पुन्हा बंधारा बांधला. त्याच पायावर. आज त्याच्या मोरीला फळ्या लावायच्या आहेत. राजा आसनावर बसलाय. खाली आळी आहे. आळीतली पोरं इथे माझ्यासमोर बसली आहेत." भिवराने राजाकडे सरळ पाहिलं. "माझी गोष्ट इथवरच आहे, महाराज. शेवट माझ्याकडे नाही. तो तुमच्याकडे आहे. आता मला गावाबाहेर काढा, खुशाल काढा. गोष्ट सांगून झालीय. ती आता या सगळ्यांच्या घरी जाणार."

मुहूर्ताची घटका भरत आली होती. नरहरपंत वाकून राजाच्या कानाशी लागले, "महाराज, फळ्या..."

राजाने मोरीकडे पाहिलं. तिथल्या सहा गड्यांनी हातातल्या फळ्या खाली ठेवल्या होत्या. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. ते हाताची घडी घालून उभे होते आणि राजाच्या हुकमाची वाट बघत आहेत असं अजिबात दिसत नव्हतं.

राजा आसनावरून उतरला. "पहार आणा," तो म्हणाला. "बंधाऱ्याच्या या टोकाला खणा."

खणलं. पायाचे दगड लागले आणि दगडांच्या खाली पहार सरळ आत गेली, लोण्यात जावी तशी. वर आली तेव्हा तिच्या टोकाला काळी माती चिकटली होती. राजाने ती बोटांनी निपटून काढली आणि हातात धरून नुसता उभा राहिला. मुहूर्त टळून गेला. आकाश कोसळलं नाही.

त्या वर्षी मोरीला फळ्या लागल्या नाहीत, उलट बांधकाम पायापर्यंत उतरवलं. सटवाजीला शोधून आणायला माणसं गेली. तो आला तेव्हा राजा स्वतः पायाच्या खड्ड्यापर्यंत गेला आणि म्हणाला, "तुझं वाक्य अर्धं राहिलं होतं. पुरं कर."

"आता कशाला, महाराज?" सटवाजी म्हणाला. "पोराटोरांना पाठ हाय ते." आणि तो कुदळ घेऊन खाली उतरला. दोन पुरुष खाली खडक लागला.

भिवराचं अंगण बंद करायचा हुकूम मात्र कुणी मागे घेतला नाही. राजे लोकांना चूक कळते, पण कागद फाडायला त्यांचा हात धजत नाही. हुकूम कागदावर तसाच राहिला आणि भिवराची चूल रोज सकाळी तशीच पेटत राहिली. मुलं येत राहिली. म्हादबाही कधी कधी येऊन मागे भिंतीला टेकून बसायचा. त्याने भिवराला माफ केलं की नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. पण मुलांपैकी कुणी गोष्ट सांगायला उभं राहिलं आणि त्या गोष्टीत जाळ असला, की मागून आवाज यायचा, "हं."

तात्पर्य: जाळावाचून भाकरी नाही आणि अडचणीवाचून गोष्ट नाही, जो गोष्टीतली अडचण पुसून टाकायला सांगतो, त्याच्या गोष्टीला हुंकार देऊ नये, मग तो राजा का असेना.